पेन्सिलीची सात प्रश्नचिन्हं

पत्र असं आहे. लांब होतं, थोडं कापलंय.

«ताई, गिरगावात ठाकूरद्वारजवळ आमची चाळ. ८४ खोल्या. दरवाजावरच्या दगडात १९२७ साल कोरलंय. पागडीची, म्हाडाला सेस जातो. मागच्या गॅलरीला तीन वर्षं लोखंडी टेकू आहेत. घरमालकानं बिल्डर आणला, ६२ जणांनी संमतीपत्रं दिली, आमच्या बाबांनी नाही. वय ७३. आयुष्य छापखान्यात गेलं, आधी कंपोझिटर, मग प्रूफरीडर. बिल्डर ४०५ फूट देतोय, हक्काचे ३०० आहेत, म्हणजे १०५ फूट वर. महिना २५ हजार भाडं, तीन वर्षांत घर. चाळीच्या ग्रुपवर रोज लिहितात, ‘काकांमुळे अडलंय.’ मागच्या रविवारी कुणीतरी लिहिलं की जीव गेले तर जबाबदार कोण ते लिहून ठेवा. बायको काही बोलत नाही, पण मुलगी आठवीत आहे आणि रात्री गॅलरीच्या टोकाला संडासला जायचं तर आईला उठवते. बिल्डर म्हणतो शंभर टक्के संमती झाल्याशिवाय तो प्रस्तावच टाकणार नाही. बाबांना विचारलं तर म्हणतात, ‘आधी मजकूर दुरुस्त करून आणा.’ सोबत फोटो पाठवतोय, संमतीपत्रावर त्यांनी पेन्सिलीनं काय करून ठेवलंय बघा. पावती अजून आजोबांच्या नावावर आहे, पण ते काय, सगळ्यांचंच असतं. बाबांची समजूत कशी काढू?
— अडकित्त्यातली सुपारी»

सुपारीराव,

बाबांचा हट्ट किती ते दाखवायला तुम्ही फोटो पाठवलात. तो मोठा करून मी दोन संध्याकाळी बघितला. एका पानाचं टाइप केलेलं संमतीपत्र, समासात सात बारीक प्रश्नचिन्हं, आणि प्रत्येकापासून शब्दापर्यंत ओढलेली सरळ रेघ. पट्टी न धरता सरळ. इतकं नीट वाचून दिलेलं प्रूफ मला गेल्या कित्येक वर्षांत कुणी दिलेलं नाही.

समजूत काढायचं आपण जरा बाजूला ठेवू, कारण तुमच्या पत्रातच एक हिशेब आहे जो चाळीत कुणी केलेला दिसत नाही. सेस इमारतीचा, म्हणजे दुरुस्तीचा कर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या इमारतीचा, पुनर्विकास विकास नियमावलीच्या ३३(७) खाली होतो आणि त्याला पूर्वी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागायची, आता ५१ टक्के पुरते. ८४ चे ५१ टक्के म्हणजे ४३ जण. तुमच्याकडे ६२ आहेत. जुना ७० टक्क्यांचा नियम असता तरीही पुरे झाले असते.

म्हणजे काकांमुळे काहीही अडलेलं नाही. उद्या सकाळी घरमालक आणि बिल्डर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे ना हरकत मागायला जाऊ शकतात. ती मिळाल्यावर सही न करणाऱ्यांना खोली रिकामी करायला लावायची तरतूदही म्हाडा कायद्यात आहे, कलम ९५-अ. बाबा नुसते ‘नाही’ म्हणत बसले तर त्यांच्या हातात फार काही उरत नाही, हे त्यांनाही कळलेलं असणार. म्हणून तर ते ‘नाही’ म्हणत नाहीयेत. ते ‘मजकूर दुरुस्त करा’ म्हणतायत. तुम्ही घरातले लोक ते ‘नाही’ असंच ऐकताय.

मग बिल्डर शंभर टक्क्यांसाठी का थांबलाय? असेल तो सावध. एखादा भाडेकरू कोर्टात गेला की काम लटकतं, म्हणून आधीच सगळे सोबत हवेत, असं म्हणणारे भले बिल्डरही असतात. दुसरी शक्यता मी जास्त वेळा पाहिली आहे. सह्या गोळा करून ठेवायच्या, मेट्रो आली, भाव चढले, की तो कागदांचा गठ्ठा घेऊन मोठ्या बिल्डरकडे जायचं. तुमच्या पायाखाली आता गिरगावचं भुयारी मेट्रो स्टेशन सुरू झालंय, गठ्ठ्याची किंमत काय झाली असेल तुम्हीच बघा. यातलं कुठलं खरं हे ओळखायला एक प्रश्न पुरतो, आणि तो ग्रुपवर तुम्ही स्वतः विचारायचा, बाबांनी नव्हे: ‘६२ संमत्या कायद्याला पुरेशा आहेत, तर म्हाडात प्रस्ताव कोणत्या तारखेला जाणार?’ एवढंच. पुढे-मागे एक शब्द जोडू नका. उत्तर काय येतं आणि कोण देतं ते बघा.

आता प्रश्नचिन्हांकडे.

पहिलं आहे ‘सुमारे ४०५ चौ. फूट’ मधल्या ‘सुमारे’वर. छापखान्यातल्या माणसाला हा शब्द खुपणारच. पण त्याआधी तो १०५ फुटांचा उपकार. नियमानं निवासी भाडेकरूला निदान ३०० फूट कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं माप, मिळतं. त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल, म्हणजे वरचं जादा, क्षेत्र मिळतं, भाडेकरूंच्या वाट्यावर त्याचं शुल्क, म्हणजे प्रीमियम, भरावा लागत नाही, आणि ते भाडेकरूंनाच द्यायचं असतं. ३०० चे ३५ टक्के १०५. तेव्हा बिल्डरनं खिशातून एक फूटही काढलेला नाही, नियमात आहे ते ताटात वाढून ‘घ्या, घ्या, आग्रह करतोय’ म्हणतोय. वर मागायचं असेल तर मोजायला सुरुवात ४०५ पासून. आणि ‘सुमारे’ काढून ‘४०५ पेक्षा कमी नाही, रेरा कार्पेट, बाल्कनी वेगळी’ असं लिहून घ्यायचं (रेरा म्हणजे घरखरेदीचा कायदा, माप त्यातल्या व्याख्येनं). भिंती, फ्लॉवरबेड, डक्ट सगळं मापात घेऊन आतून ३६० निघालेली घरं मी टेप लावून पाहिली आहेत.

तुमच्या शेजाऱ्यांपैकी कुणीतरी एव्हाना वरळीचं नाव काढलंच असेल. बीडीडी चाळीतल्या १६० फुटांच्या खोल्यांना ५०० फूट मिळाले, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्याही मिळाल्या, मग आम्हाला ४०५ का? वरळीला जमीन सरकारची आहे, म्हाडा स्वतः बांधतेय आणि नियमही वेगळा आहे. तुमच्याकडे मध्ये खासगी घरमालक आहे. तुलना करू नका असं मी म्हणत नाही. पण बैठकीचा तास-दीड तास त्यात जातो आणि ‘सुमारे’ तसंच राहतं.

दुसरं प्रश्नचिन्ह मला सगळ्यात आवडलं. ‘सदर जागेवर अथवा परिसरात’. बाबांनी ‘अथवा परिसरात’ खाली दोनदा रेघ मारलीय. मारायलाच हवी. परिसर कुठवर? फणसवाडी परिसर आहे, चिराबाजारही आहे, आणि उद्या मनात आलं तर भायखळाही आहे. हे दोन शब्द कुणी मुद्दाम घातलेत की दुसऱ्या प्रकल्पाच्या मसुद्यातून तसेच उतरलेत, मला माहीत नाही. कसेही आले असोत, ते गेले पाहिजेत. त्याच जागेवर, नकाशासकट, तुमच्या घराचा मजला आणि नंबर लाल रेघेनं दाखवलेला नकाशा करारासोबत जोडलेला.

तिसऱ्याची रेघ फोटोत नीट दिसत नाही.

चौथं ‘विकासक अथवा त्याने नेमलेली व्यक्ती / संस्था’ यावर. वर जो गठ्ठा विकायचा विषय काढला तो इथे लपलाय. त्यात भर म्हणजे ३३(७) खालची संमती दिली की मागे घेता येत नाही, नियमात ती अपरिवर्तनीय धरलेली आहे. आता दोन्ही एकत्र वाचा. तुमची न फिरवता येणारी सही, आणि ती कुणाच्या हातात जाईल ते मोकळं. ज्या ६२ जणांनी सह्या केल्या त्यांच्यापैकी किती जणांनी हे वाचलं? रागवू नका, मी त्यांना नावं ठेवत नाही. आमच्या घरीही कुणी वाचलं नव्हतं.

परळला आमची खोली होती, चौथा मजला, दहा बाय बारा. १९९४ मध्ये वडिलांनी सही केली. बिल्डरनं पेढे वाटले होते, ते मला आठवतं, कागदावर काय होतं ते कुणालाच आठवत नाही. दोन वर्षं सांगितली होती, अकरा लागली. आम्ही सायनच्या पुढे ट्रान्झिटच्या खोलीत. मधल्या काळात बिल्डर दोनदा बदलला, आम्हाला एकदा कळलं, एकदा कळलंही नाही. आईनं रेशनकार्डावरचा पत्ता अकरा वर्षं बदलू दिला नाही. दर महिन्याला दोन बस बदलून ती परळच्या दुकानातून गहू-तांदूळ आणायची, आणि येताना चाळ होती तिथल्या पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून खड्डा बघून यायची. ‘पाणी साचलंय’ एवढंच सांगायची. घर मिळालं शेवटी, चांगलं मिळालं, आई त्यात चार वर्षं राहिली. पुनर्विकास वाईट असं मला म्हणायचं नाही. ती अकरा वर्षं कुणाच्या हिशेबात नव्हती, एवढंच सांगतेय.

आणि आमचं तर बरं झालं म्हणायचं. गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबं होती. करार २००८ चा. विकासकानं त्यांची घरं अर्धवट टाकली, म्हाडानं २०१८ मध्ये त्याला काढला, काम पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. मधली कित्येक वर्षं भाडंही बंद. लोक रस्त्यावर उपोषणाला बसले होते, त्यातले काही घर न बघताच गेले.

यावरून पाचव्या प्रश्नचिन्हाकडे: ‘भाडे यथावकाश अदा करण्यात येईल’. यथावकाश! बाबांनी इथे प्रश्नचिन्हाशेजारी उद्गारचिन्हही काढलंय, बघितलंत का? महिना २५ हजार हा आकडा तुम्ही पत्रात लिहिलात, संमतीपत्रात तो कुठेच नाही. तो बिल्डरच्या तोंडी आहे. पहिलं वर्षभर भाडं सगळेच देतात, खोली पाडून होईपर्यंत. नंतरचे चेक परत येतात. झोपडपट्टी पुनर्वसन योजनांमध्ये याचा इतका बोभाटा झाला की तिथल्या प्राधिकरणानं विकासकांना दोन वर्षांचं भाडं आधी जमा करायला आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक द्यायला लावलं. तुमची चाळ त्या प्राधिकरणाखाली येत नाही, पण मागणी मांडायला नमुना तयार आहे. ‘तिथे जमतं, इथे का नाही?’ असं विचारायचं. दरवर्षी भाड्यात वाढ किती, दलाली आणि सामान हलवायचा खर्च कुणाचा, हे त्याच ओळीत. ताबा मिळेपर्यंत भाडं, ‘तीन वर्षांपर्यंत’ नाही.

सहावंही फोटोत हललेलं आहे. मधल्या एका ओळीवर आहे, देखभालीबद्दल काहीतरी असावं. तेच असेल तर बाबा बरोबर ठिकाणी थांबलेत. आज महिन्याला भाडं आणि सेस मिळून तुम्ही जे देता त्यात टॉवरच्या लिफ्टचं एका दिवसाचं बिलही निघायचं नाही. बावीस मजले, चार लिफ्ट, पाण्याचे पंप, आगीची यंत्रणा, वॉचमन. कॉर्पस फंड, म्हणजे देखभालीसाठी बाजूला ठेवायची ठेव, किती आणि कुणाच्या नावानं, हे विचारताना ‘चाळीतल्या पेन्शनवाल्या माणसाला महिना किती पडेल’ असं आकड्यात विचारा. वरळीला देखभाल बारा वर्षं म्हाडाकडे आहे. तुमच्याकडे कुणाकडे? घर मिळालं आणि मेंटेनन्स झेपेना म्हणून ते भाड्यानं देऊन डोंबिवलीला गेलेली माणसं तुमच्याही माहितीत असतील. गिरगावातला मराठी माणूस कुठे गेला यावर आपल्याकडे भाषणं खूप होतात. एक वाट या बिलातून जाते.

सातवं. इथे मला थांबावं लागलं.

सातवं प्रश्नचिन्ह कुठल्याच शब्दावर नाही. ते ‘भाडेकरूचे नाव: ________’ या कोऱ्या जागेपुढे आहे.

आणि तुमच्या पत्रातलं शेवटच्या आधीचं वाक्य, घाईत लिहिलेलं: पावती अजून आजोबांच्या नावावर आहे, पण ते काय. सुपारीराव, मला तर वाटतं सगळं तिथेच अडलंय. बाकीची सहा प्रश्नचिन्हं बिल्डरसाठी आहेत. हे एक बाबांनी स्वतःसाठी काढलंय.

तुम्ही मधल्या परिच्छेदात (तो मी छापला नाही) लिहिलंय की आजोबा १९८९ मध्ये गेले, विरारचे काका १९८५ मध्येच वेगळे झाले होते, आत्यांची लग्नं झालेली होती. कायद्याचं साधारण म्हणणं असं की भाडेकरू गेला तर त्या वेळी त्याच्यासोबत त्या जागेत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो, आणि कुणाकडे यावर एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. त्या हिशेबानं बाबांची बाजू भक्कम दिसते. पण पस्तीस वर्षं पावती बदलली का नाही? बरेच घरमालक वारसाच्या नावानं पावती करून द्यायलाही पैसे मागतात, त्यामुळे राहून गेलं असेल. किंवा, हा माझा अंदाज आहे, चुकला तर सोडून द्या, बाबांनी भावाला कधीतरी काहीतरी कबूल केलं असेल. ‘खोली दोघांची’ असं. त्या काळी दहा बाय बाराच्या खोलीत दोघांचं काय होणार होतं? बोलायला काही लागत नव्हतं. आज त्याच खोलीचं गिरगावातलं ४०५ फुटांचं मालकीचं घर होतंय. सही केली की नाव लिहावं लागेल. नाव लिहिलं की विरारला फोन जाईल.

हे बाबांना जेवणाच्या ताटावर विचारू नका. सून-नातीसमोर तर नकोच. सकाळी चौपाटीवर फेरी मारायला जात असतील तर सोबत जा. ‘सही का करत नाही’ हा विषयच काढू नका. ‘पावतीचं काय करायचं बाबा, काकांशी तुमचं काही बोलणं झालं होतं का?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. ते लगेच बोलणार नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलतील.

कबूल केलेलं निघालं तर काय करायचं ते दोघा भावांनी ठरवायचं, तुम्ही आणि तुमच्या चुलतभावानं नाही. मात्र ठरलेलं लिहून घ्या. काका आणि आत्यांचं ना हरकतीचं प्रतिज्ञापत्र, पावती बाबांच्या नावावर, आणि हे सगळं म्हाडाच्या पात्रता यादीत नाव जाण्याआधी. एकदा यादीत आजोबांचं नाव गेलं की वारसांचे दाखले आणत फिरण्यात दोन वर्षं जातात, तेवढ्यात बिल्डर तुमचं घर ‘वादग्रस्त’ म्हणून बाजूला ठेवतो. एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे कुणी भलतं सुचवणार नाही: खोलीत फळी घालून दोन भाग दाखवले तर दोन घरं मिळत नाहीत. १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेला भाडेहक्क यात धरतच नाहीत.

आता तुमच्या बायकोबद्दल. ती काही बोलत नाही असं तुम्ही लिहिलंत. गॅलरीच्या टोकापर्यंतचं अंतर तुम्ही मोजलंय? आमच्याकडे तेवीस पावलं होती, रात्री दिवा नसायचा, शेवटच्या खोलीबाहेर एक जण खाट टाकून झोपायचा. मी बोलत नसे. बाबांच्या प्रश्नांना मान द्या म्हणताना मी हे विसरायला सांगत नाही. चाळ वाचवा, ती संस्कृती जपा असं म्हणणारी बरीच मंडळी रात्री आपापल्या फ्लॅटमधल्या संडासात जातात. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणपती बसला, त्याचा मलाही अभिमान आहे. त्या चाळींत बायकांनी हंडे किती वाहिले, ते कुठल्या दगडावर कोरलेलं नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला बायकोला घेऊन जा. या बैठकांना खुर्च्यांवर पुरुष आणि दारात उभ्या बायका असं चित्र असतं, तिला खुर्ची द्या. माझा अनुभव असा की एफएसआय, म्हणजे किती बांधता येईल ते, पुरुष विचारतात, आणि घर कसं असेल ते बायका विचारतात. पाणी चोवीस तास की दोन वेळ? कपडे कुठे वाळत घालायचे? आपल्या विंगचा दरवाजा मागच्या गल्लीत आणि विकायच्या विंगचा पुढच्या रस्त्यावर, असं तर नाही ना? गणपती पटांगणात बसायचा, आता पोडियमवर गाड्या असतील तर कुठे? नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

टेकूंचं मात्र थांबवू नका. हे मी वर कुठे लिहिलं नाही म्हणून ते कमी महत्त्वाचं समजू नका, उलट हे काम उद्याचं आहे. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला सकाळी पडली, ३३ माणसं गेली. तिचा पुनर्विकास ठरलेला होता. काही कुटुंबं हलली होती, काही मागे राहिली होती. डोंगरीला २०१९ मध्ये, फोर्टला २०२० मध्ये, दोन्ही वेळा जुलैचा पाऊस. त्यामुळे ग्रुपवर ज्यानं जीव जाण्याबद्दल लिहिलं त्याची भाषा वाईट आहे, भीती खोटी नाही. मागच्या गॅलरीचं स्ट्रक्चरल ऑडिट शेवटचं कधी झालं ते दुरुस्ती मंडळाच्या वॉर्ड कार्यालयात लेखी विचारा. पोच घ्या. पावसाळ्यात त्या बाजूच्या खोल्यांतल्या माणसांनी कुठे जायचं हे बिल्डरच्या करारावर अवलंबून ठेवायचं कारण नाही. धोकादायक ठरली तर संक्रमण शिबिरात सोय मागता येते. आणि इमारत धोकादायक ठरूनही घरमालक हलत नसेल तर २०२० च्या कायदादुरुस्तीनं क्रम घालून दिलाय: आधी घरमालकाला सहा महिने, त्यानं नाही केलं तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला सहा महिने, मग म्हाडा. त्या नोटिसांवरून हायकोर्टात बरंच काही झालंय, तेव्हा ती वाट धरण्याआधी वकिलाला विचारा. पण हा एकच बिल्डर आणि तोही गेला तर चाळ संपली, असं कुणी घाबरवत असेल तर तसं नाही, एवढं माहीत असू द्या.

वकील म्हटलं म्हणून. सगळ्या चाळीनं मिळून एक करा, ८४ खोल्यांत वाटला तर एका कुटुंबाला एका हॉटेलच्या जेवणाइतका पडतो. ‘आमचेच वकील बघतील ना, तुम्हाला खर्च कशाला’ असं बिल्डर प्रेमानं म्हणेल. चहा घ्या, वकील घेऊ नका. याच बिल्डरचे दुसरे प्रकल्प महारेराच्या वेबसाइटवर बघा, तारखा कितीदा पुढे ढकलल्यात ते दिसतं. तुमच्यासारख्या भाडेकरूला मात्र रेराचा आधार धरता येत नाही, तो विकत घेणाऱ्यांसाठी आहे. तुमचा आधार म्हणजे तुमच्या खोलीचा स्वतंत्र, नोंदणी केलेला करार. तो, म्हाडाची ना हरकत आणि पालिकेची आयओडी (बांधकामाची प्राथमिक मंजुरी), ही तीन हातात आल्याशिवाय खोलीची किल्ली द्यायची नाही. पेढे मिळाले तरी.

बाबांना बैठकीत बोलायला लावू नका, त्यांच्यावर ग्रुपवर जे लिहिलं गेलंय त्यानंतर ते बोलणार नाहीत. ते संमतीपत्र तुम्ही टाइप करा, त्यांच्या दुरुस्त्यांसकट, आणि प्रूफ तपासायला त्यांच्यापुढे ठेवा. ते तुम्हाला दोन-तीन चुका नक्की काढून देतील. मग त्याच्या प्रती काढून आधी बाबांखेरीज ज्या २१ जणांनी सही केलेली नाही त्यांच्याकडे जा, आणि नंतर ६२ मधल्या पाच-सहा शहाण्यांकडे. ज्यांनी सही केलीय त्यांनाही हा मजकूर हवाच आहे, त्यांना तो मागायचं सुचलं नव्हतं. संमतीपत्र फिरवता येत नसलं तरी स्वतंत्र करार अजून कुणाचाच झालेला नाही, सगळं त्यात बसवता येतं.

आणि तिसऱ्या आणि सहाव्या ओळीपुढे त्यांनी काय विचारलंय ते बघून मला कळवा. फोटो खिडकीजवळ काढा, तुमच्या खोलीत उजेड कमी दिसतोय.

— ताई